साखर, रक्तवाहिनी आणि ११७७ नंबरची जागा: एंडोथेलियल पेशींवर हाय-ग्लुकोजचा प्रयोग कसा लावावा

मधुमेहात रक्तवाहिन्या कशा खराब होतात हे शोधायला आलेला विद्यार्थी पहिल्या आठवड्यात हटकून एकच काम करतो. पेशींच्या मीडियात, म्हणजे त्या ज्या द्रवात वाढतात त्यात, ग्लुकोज ओततो, दोन दिवस थांबतो आणि मग हाताशी जे किट असेल त्याने काहीतरी मोजतो. मीही तेच केलं होतं. त्याला एकोणीस वर्षं झाली. अजून हूडसमोर, म्हणजे पेशी हाताळायच्या निर्जंतुक कपाटासमोर बसते, आणि दरवर्षी कुणीतरी नवं येऊन तीच बाटली उचलतं. इतकी वर्षं जे तोंडी सांगत आले ते इथे लिहून काढते आहे. प्रयोग एकच आहे: रक्तवाहिनीच्या अस्तराच्या, म्हणजे एंडोथेलियल, पेशी साखरेत ठेवायच्या, त्यांना इन्सुलिन द्यायचं आणि इन्सुलिनचा निरोप आत नेमका कुठे अडतो ते बघायचं.

पिपेट हातात घेण्याआधी

एक कोरा कागद घ्या आणि मधोमध ‘ईनॉस’ लिहा. एंडोथेलियल नायट्रिक ऑक्साइड सिंथेज हे त्याचं पूर्ण नाव, पण ते कुणी उच्चारत नाही. हे एन्झाइम आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनवतं. हा वायू शेजारच्या गुळगुळीत स्नायूपेशीत शिरतो, तिथे ग्वानिलेट सायक्लेजला जागं करतो, सायक्लिक जीएमपी वाढतं आणि वाहिनी सैल पडते. शिवाय प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटू नयेत हेही तोच बघतो. अस्तराला इतकं काम असतं हे कळलं तेच मुळी अस्तर चुकून खरवडलं गेल्यामुळे. रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० साली दाखवलं की सशाच्या महाधमनीचा आतला थर घासला गेला असेल तर अ‍ॅसिटिलकोलिन देऊनही ती सैल पडत नाही. १९९८ च्या नोबेलमध्ये इग्नारो आणि मुराद यांच्याबरोबर त्यांचाही वाटा होता. तुमची प्लेट टिपच्या टोकाने ओरखडली गेली की ही गोष्ट आठवा; फरक इतकाच की तुमच्या ओरखड्यातून बहुधा काहीच निष्पन्न होणार नाही.

आता ईनॉसच्या साखळीवर दोन आकडे टाका. सेरीन ११७७ आणि थ्रिओनिन ४९५, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या त्या-त्या क्रमांकाची अमिनो आम्लं. पहिल्या जागी फॉस्फेट बसला की एन्झाइम जोरात चालतं, दुसऱ्या जागी बसला की मंदावतं. इन्सुलिन पेशीच्या बाहेर रिसेप्टरला लागतं, आत पीआय-थ्री-के नावाचं कायनेज, म्हणजे फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम, जागं होतं, त्यातून एकेटी हे दुसरं कायनेज, आणि एकेटी जाऊन ११७७ वर फॉस्फेट ठेवतो. एकेटी या जागी फॉस्फेट ठेवतो हे १९९९ मध्ये कळलं. सगळा प्रयोग म्हणजे या एका जागेवर कोण बसलंय याची चौकशी आहे. एवढं पक्कं धरलंत तर पुढचं काही पाठ करावं लागणार नाही.

साखर या जागेपर्यंत कशी पोहोचते? हातापायांच्या स्नायूंच्या पेशीत ग्लुकोज शिरायला इन्सुलिनची परवानगी लागते. एंडोथेलियल पेशीत ग्लुट-वन नावाचं दार आहे आणि ते इन्सुलिनला विचारत नाही. बाहेर साखर वाढली की आतही वाढते आणि ही पेशी दार फारसं ओढून घेत नाही. मायकल ब्राउनली यांनी २००१ साली सगळ्या वाटा एकत्र बांधल्या. जास्त ग्लुकोज जळायला लागलं की मायटोकॉन्ड्रियातून सुपरऑक्साइड सुटतो, डीएनएला इजा होते, पार्प नावाचं एन्झाइम जागं होतं आणि ते ग्लायकोलिसिसमधल्या जीएपीडीएचला अडवतं. पुढे रस्ता बंद म्हणजे मागे कोंडी. कोंडलेला माल मग आडवाटांनी निघतो. एक पॉलिऑलची वाट, ती एनएडीपीएच खाते. दुसरीवर डायअ‍ॅसिलग्लिसेरॉल वाढतं आणि प्रोटीन कायनेज सी पेटतं. तिसरीवर मिथाइलग्लायऑक्सल आणि त्यातून एजीई, म्हणजे साखरेच्या तुकड्यांनी डागाळलेली प्रथिनं, बनतात, त्यांना पकडणारा रिसेप्टर म्हणजे रेज. चौथी हेक्सोसामीनची.

ब्राउनली स्वतः लहानपणापासून टाइप वन मधुमेही. हे मी मुलांना नेहमी सांगते, का ते मलाही धड सांगता येत नाही.

या चारांपैकी चौथी वाट मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यात लबाडी आहे. हेक्सोसामीनच्या वाटेने तयार झालेला साखरेचा एक छोटा तुकडा, ज्याला ओ-ग्लकनॅक म्हणतात, तो प्रथिनांवर सेरीन-थ्रिओनिनलाच जाऊन चिकटतो. २००१ मध्येच ब्राउनलींच्या गटाने गाईच्या महाधमनीच्या पेशींत दाखवलं की हाय ग्लुकोजमध्ये हा तुकडा ईनॉसवर वाढतो आणि तोही नेमका एकेटीच्या त्या जागी, ११७७ वर. म्हणजे एकेटी फॉस्फेट घेऊन आला तर जागा आधीच अडलेली! इन्सुलिन आहे, रिसेप्टर आहे, निरोप निघालाही आहे, पण शेवटच्या खुर्चीवर साखर बसली आहे. कागदावर या खुर्चीभोवती लाल वर्तुळ काढा.

आणखी एक फांदी काढायची राहते. इन्सुलिनचा निरोप पेशीत शिरल्यावर दोन वाटांनी जातो. एक आत्ता काढलेली, पीआय-थ्री-के आणि एकेटीची. दुसरी रास आणि मॅप कायनेजची, जिच्या टोकाला एंडोथेलिन-वन आहे, म्हणजे वाहिनी आवळणारं रसायन. जॉर्ज किंग यांच्या गटाने १९९९ साली लठ्ठ झुकर उंदरांच्या रक्तवाहिन्यांत पाहिलं की पहिली वाट बुजते पण दुसरी उघडीच राहते. ‘इन्सुलिन रेझिस्टन्स’ म्हटलं की सगळं बंद पडलं असं वाटतं. प्रत्यक्षात सैल करणारा हात लुळा पडतो आणि आवळणारा शाबूत राहतो. म्हणून एकटा एकेटी बघून थांबायचं नाही. अर्क (ईआरके, या दुसऱ्या वाटेवरचं मॅप कायनेज) पण बघायचा, त्याच नमुन्यात.

पेशी

सुरुवातीला ह्युवेक घ्या, म्हणजे नाळेच्या शिरेच्या अस्तराच्या पेशी. १९७३ पासून त्या वाढवल्या जातात आणि त्यांच्याबद्दल बरंच माहीत आहे. पण त्या गर्भाच्या आहेत, शिरेच्या आहेत, आणि त्यांच्या मालकाला मधुमेह झालेला नाही, हे निष्कर्ष लिहिताना विसरू नका. नाळ स्वतः गोळा करणार असाल तर नैतिक समितीची मंजुरी आणि आईची लेखी संमती आधी. तिला गरोदरपणात मधुमेह होता का हे नोंदवलंच पाहिजे, कारण त्या पेशी साखरेची आठवण घेऊनच येतात. आठवणीबद्दल पुढे सांगते.

प्लेटला जिलेटिन किंवा फायब्रोनेक्टिनचा थर द्या. पॅसेज, म्हणजे पेशी नव्या प्लेटमध्ये हलवण्याची खेप, तीन ते पाच या दरम्यान सगळं उरका. सहाच्या पुढे ईनॉस घसरत जातो आणि तुम्हाला वाटतं साखरेने घसरला. पेशी पूर्ण भरून फरसबंदीसारख्या एकमेकींना टेकल्या की मगच साखर द्यायची. अर्धवट भरलेल्या प्लेटमधल्या पेशी वाढण्याच्या घाईत असतात आणि त्या घाईचे सिग्नल वेगळे असतात. मायकोप्लाझ्माची, म्हणजे पेशींत गुपचूप शिरणाऱ्या सूक्ष्म जिवाणूंची, चाचणी महिन्याला एकदा. याबद्दल वाद घालायचा नाही.

मीडियाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. एंडोथेलियल पेशींसाठी तयार मिळणाऱ्या मीडियात व्हीईजीएफ आणि आयजीएफ-वन ही वाढीची प्रथिनं, हायड्रोकॉर्टिसोन असं बरंच काही घातलेलं असतं. व्हीईजीएफ आणि आयजीएफ-वन दोन्ही थेट एकेटीला पेटवतात. हायड्रोकॉर्टिसोन सूज दाबतं. म्हणजे तुम्हाला जे मोजायचंय ते आधीच कुणीतरी वर किंवा खाली करून ठेवलेलं आहे. वाढवायला तो मीडिया वापरा, प्रयोगाच्या दिवसांत त्यातली पूरकं कमी करा आणि काय कमी केलं ते वहीत लिहा. आणखी एक: साध्या डीएमईएमच्या दोन बाटल्या मिळतात, एकीत ५.५ मिलिमोलर ग्लुकोज, दुसरीत २५. ह्युवेकच्या शेजारच्या टेबलावर कुणी दुसरीतच आपल्या पेशी ‘नॉर्मल’ म्हणून वाढवत असतं. त्यांना काही बोलू नका, पण त्यांची बाटली उचलू नका.

साखर मोजून

५.५ मिलिमोलर म्हणजे डेसिलिटरला ९९ मिलिग्रॅम, उपाशीपोटीची निरोगी साखर. २५ म्हणजे ४५०. एवढी साखर कुणाच्या रक्तात दिवसच्या दिवस राहत नाही, राहिली तर तो माणूस अतिदक्षता विभागात असतो. मग २५ का घेतात? कारण पेशीला वीस वर्षं थांबायला वेळ नाही आणि विद्यार्थ्यालाही नाही. हे लटकं आहे हे मान्य करून घ्या आणि शक्य असेल तर मध्ये १० किंवा १५ चा एक गट ठेवा. परीक्षक तोच प्रश्न विचारतो.

एक मोलर ग्लुकोजचा साठा करा: १८.०२ ग्रॅम डी-ग्लुकोज, बेस मीडियात विरघळवून १०० मिलिलिटर. यातले ९७५ मायक्रोलिटर घेऊन मीडियाने एकूण ५० मिलिलिटर केले की १९.५ मिलिमोलरची भर पडते. मूळचे ५.५ धरून २५. साठा ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचा. ऑटोक्लेव्हमध्ये घालायचा नाही. तापवलेल्या ग्लुकोजमधून मिथाइलग्लायऑक्सलसारखे तुकडे सुटतात, आणि तुम्ही तर तेच पेशीत तयार होतात का हे बघायला निघालात.

आता मॅनिटॉल. इथे थोडं थांबते, कारण निम्मे प्रबंध इथेच कच्चे राहतात. मीडियात १९.५ मिलिमोलर काहीही टाकलं की पाण्याचा ताण वाढतो आणि पेशी थोडी आक्रसते. आक्रसणं हाही सिग्नल आहे, त्यानेही कायनेज पेटतात. साखरेमुळे झालं की ताणामुळे, हे वेगळं करायला तेवढ्याच मोलरचं असं काहीतरी हवं जे पेशी जाळत नाही. ते म्हणजे मॅनिटॉल, किंवा एल-ग्लुकोज. एक मोलरसाठी १०० मिलिलिटरला १८.२२ ग्रॅम. पण मॅनिटॉल पाण्यात विरघळण्याच्या हद्दीवर असतो. साठा फ्रिजमध्ये ठेवलात की दुसऱ्या दिवशी तळाशी सुयांसारखे स्फटिक दिसतात. वरवर बघितलं तर बाटली स्वच्छ वाटते, तिरकी करून उजेडात धरली की त्या सुया चमकतात. त्या न विरघळवता वरचं पाणी घेतलंत तर तुमचा कंट्रोल कंट्रोल उरत नाही. ३७ अंशांच्या बाथमध्ये ठेवा, हळूहळू फिरवा, सुया पूर्ण गेल्या की मगच पिपेट बुडवा. ५.५ च्या गटालाही ९७५ मायक्रोलिटर बेस मीडिया द्या, म्हणजे सगळ्या गटांतलं सीरम सारखंच पातळ होईल.

तीन मीडिया झाले: ५.५, २५, आणि ५.५ अधिक मॅनिटॉल. प्रत्येकाला इन्सुलिनशिवाय एक आणि इन्सुलिनसह एक. सहा. सहा वेल, म्हणजे सहा खळगे असलेली एक प्लेट म्हणजे एक पूर्ण प्रयोग, प्रत्येक वेलमध्ये दोन मिलिलिटर. ही मांडणी मला इतकी सोयीची वाटते की गट वाढवायचा झाला तरी मी दुसरी प्लेट घेते, ही मोडत नाही.

किती दिवस? ७२ तास चांगले. २४ तासांत एकेटीचा फरक पुसट दिसतो, आठवड्यानंतर पेशी थकतात. मीडिया रोज बदला. हे ‘रोज’ मी फुकट शिकले नाही. पहिल्या वर्षी एका शुक्रवारी संध्याकाळी मीडिया घालून गेले आणि सोमवारी नमुने काढले. निकाल उलटा आला. हाय-ग्लुकोजच्या पेशी टवटवीत, नॉर्मलच्या मरगळलेल्या आणि तणावाचे सगळे सिग्नल नॉर्मलमध्येच. दोन आठवडे मी त्यावर एक सिद्धांत रचत बसले, चांगला लांबलचक. मग सीनियरने विचारलं, ‘अगं, वेलमध्ये साखर उरली होती का?’ पुन्हा लावून तिसऱ्या दिवशी मीडियाचा थेंब ग्लुकोमीटरला लावला. नॉर्मलच्या वेलमध्ये आकडाच येईना, नुसतं ‘लो’. ग्लुकोमीटर रक्तासाठी असतो, मीडियातला त्याचा आकडा कागदावर लिहू नये, पण संपलं हे सांगायला तो पुरतो. दाट भरलेल्या पेशींनी ५.५ केव्हाच संपवलं होतं. मी ‘निरोगी’ म्हणून उपाशी पेशी मोजत होते. तेव्हापासून मीडिया बदलताना जुना मीडिया थोडा बाजूला काढून त्यातली साखर मोजायची, ही आमच्याकडे रीत झाली.

इन्सुलिनची दहा मिनिटं

शेवटच्या दिवशी पेशींना चार-पाच तास सीरमशिवाय ठेवावं लागतं, नाहीतर सीरममधलेच घटक एकेटी पेटवून ठेवतात. इथे दरवर्षी एक चूक होते: सीरम नसलेला मीडिया सगळ्यांसाठी एकच बनवला जातो, ५.५ चा. तीन दिवस साखरेत ठेवलेल्या पेशी ऐन वेळी पाच तास निरोगी साखरेत! सीरमशिवायचेही तीन मीडिया करा. शीशीवर रंगीत टेप लावा.

इन्सुलिन बहुतेक जण १०० नॅनोमोलर देतात. काम होतं, पण शरीरातल्या पातळीच्या कितीतरी वर आहे. आणि एंडोथेलियल पेशीवर इन्सुलिनपेक्षा आयजीएफ-वनचेच रिसेप्टर जास्त असतात. १०० नॅनोमोलरला इन्सुलिन त्यांनाही हलवतं. एका प्लेटला १ नॅनोमोलर देऊन बघाच. फरक लहान येईल, पण तो इन्सुलिनचा असेल. कमी प्रमाणातलं इन्सुलिन प्लास्टिकला चिकटतं, म्हणून पातळ करताना मीडियात ०.१ टक्का अल्ब्युमिन घाला.

आता हाताबद्दल. रक्ताचा प्रवाह भिंतीवरून वाहतो त्याच्या घासण्याने ईनॉस जागा होतो, तेही एकेटीच्याच वाटेने, काही मिनिटांत. तुम्ही प्लेट इनक्युबेटरमधून काढून खळखळवलीत, मीडिया वेलच्या मधोमध जोरात सोडलात, तर पेशीला ते प्रवाहासारखंच वाटतं. ११७७ वर फॉस्फेट चढतो आणि तुमचा बिनइन्सुलिनचा बँड, म्हणजे शेवटी जेलवर दिसणारा प्रथिनाचा पट्टा, इन्सुलिनइतका काळा येतो. टिप वेलच्या भिंतीला टेकवा, मीडिया ३७ अंशांचा असू द्या, दोन मिलिलिटर सोडायला दहा सेकंद घ्या. इन्सुलिन द्यायचं तर आहे तो मीडिया काढू नका. २० मायक्रोलिटरमध्ये शंभरपट दाट द्रावण घाला आणि प्लेट टेबलावरच हळू फिरवा. बिनइन्सुलिनच्या वेललाही तेवढेच २० मायक्रोलिटर, फक्त अल्ब्युमिनचे. दहा मिनिटं. घड्याळ समोर ठेवा, फोनवर लावू नका, फोन वाजला की माणूस तो बघतो.

दहा मिनिटं झाली की प्लेट बर्फावर. थंड बफरने एकदा धुवा, त्यात व्हॅनेडेट आणि सोडियम फ्लुओराइड असू द्या, नाहीतर पेशीतले फॉस्फेटेज तुमच्या डोळ्यांदेखत ११७७ रिकामा करतील. वेल ज्या क्रमाने काढाल तो क्रम दर प्रयोगात बदला. माझ्या ओळखीच्या एका मुलीने सहा महिने आधी नॉर्मल आणि शेवटी हाय-ग्लुकोज असा क्रम ठेवला होता. तिला साखरेचा म्हणून जो परिणाम मिळाला त्यातला बराचसा निव्वळ वाट पाहण्याचा होता.

जेलवर काय बघायचं

जेलवर प्रथिनं वजनानुसार वेगळी होतात, मग मेम्ब्रेनवर उतरवून अँटिबॉडीने ओळखायची. ईनॉस १४० किलोडाल्टनच्या आसपास, एकेटी ६०, अर्क ४२ आणि ४४. मेम्ब्रेन ब्लॉक करायला दुधाची पावडर नको. दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फेट अंगावर घेतलेलं प्रथिन आहे. अल्ब्युमिन वापरा. फॉस्फो-११७७, फॉस्फो-४९५, एकूण ईनॉस, फॉस्फो-एकेटी, एकूण एकेटी, फॉस्फो-अर्क, एकूण अर्क. सात अँटिबॉडी आहेत हे खरं, पण एकूण ईनॉस गाळू नका. १९९७ मध्ये माणसाच्या महाधमनीच्या पेशी पाच दिवस हाय ग्लुकोजमध्ये ठेवल्या तेव्हा ईनॉसचं प्रमाण कमी न होता वाढलं. नायट्रिक ऑक्साइडही थोडं वाढलं, पण सुपरऑक्साइड त्याच्या कितीतरी पुढे गेला. सुपरऑक्साइडला नायट्रिक ऑक्साइड सापडलं की दोघं मिळून पेरॉक्सिनायट्राइट बनवतात, आणि स्नायूपेशीपर्यंत पोहोचायला काही उरत नाही. कारखाना मोठा झाला आणि माल दारातच जळाला, असं.

त्यात आणखी एक वाकडेपणा. ईनॉसला टेट्राहायड्रोबायोप्टेरिन हा सोबती लागतो. तो ऑक्सिडेशनने गेला की ईनॉस स्वतःच नायट्रिक ऑक्साइडऐवजी सुपरऑक्साइड सोडायला लागतो. हे बघायचं असेल तर नमुना उकळू नका आणि जेल बर्फात चालवा. ईनॉस दोन-दोनच्या जोडीने काम करतो; जोडी टिकली असेल तर बँड वर राहतो, सुटी झाली असेल तर १४० ला येतो. पहिल्या दोन-तीन वेळा हे जेल बिघडणारच, नमुना जास्तीचा ठेवा.

नायट्रिक ऑक्साइड मोजायला ग्रीसची चाचणी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फसवी. ती मोजते नायट्राइट, तेही मायक्रोमोलरच्या खाली जवळजवळ आंधळी होते, आणि ह्युवेक इतकं थोडं बनवतात की तुम्ही बऱ्याचदा पाण्यातली आणि प्लास्टिकवरची घाण मोजता. एक वेल एल-नेम घालून ठेवा. त्याने ईनॉस बंद पडतो. एल-नेमच्या वेलमध्येही आकडा तोच आला तर तो आकडा ईनॉसचा नाही, फेकून द्या. सुपरऑक्साइडसाठी डीसीएफचा हिरवा रंग सगळे वापरतात. तो कशानेही चमकतो, उजेडानेसुद्धा. त्यावर एकटं अवलंबून काही लिहू नका.

पेशी चिकट झाल्या का, हेही बघता येतं. रेज आणि सुपरऑक्साइड दोन्हीकडून एनएफ-कप्पा-बी हे सूजेचे जीन चालू करणारं प्रथिन जागं होतं आणि पेशीच्या पृष्ठभागावर व्हीकॅम, आयकॅम ही चिकट प्रथिनं उगवतात. रंगवलेल्या टीएचपी-वन पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पांढऱ्या पेशी) वर सोडा, अर्ध्या तासाने हलक्या हाताने धुवा आणि चिकटून राहिलेल्या मोजा. एका वेलला मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम टीएनएफ-अल्फा, म्हणजे सूज पेटवणारं प्रथिन, सहा तास द्या. तिथे गर्दी झाली नाही तर चाचणीच चालली नाही.

आठवण

हे सगळं जमलं की एक प्रयोग जरूर लावा, कारण दवाखान्यातला सगळ्यात जड प्रश्न तिथे आहे. डीसीसीटी या चाचणीत टाइप वनच्या १४४१ जणांना दोन गटांत घेतलं होतं, एकाची साखर कसोशीने सांभाळली, दुसऱ्याची नेहमीप्रमाणे. १९९३ मध्ये निकाल आला, डोळे आणि मूत्रपिंडं पहिल्या गटात खूपच चांगली. चाचणी संपल्यावर दोन्ही गटांची साखर काही वर्षांत सारखी झाली. तरीही २००५ साली पाहिलं तर पहिल्या गटात हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटना ४२ टक्क्यांनी कमी होत्या. साखर सारखी, वाहिन्या वेगळ्या. याला मेटाबॉलिक मेमरी म्हणतात.

प्लेटमध्ये हे असं: काही वेल १६ तास हाय ग्लुकोजमध्ये, मग सहा दिवस ५.५ मध्ये. २००८ मध्ये महाधमनीच्या पेशींवर हेच केलं तेव्हा एनएफ-कप्पा-बीच्या पी-६५ या भागाच्या जीनवर हिस्टोनच्या, म्हणजे डीएनए ज्यांवर गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांच्या, खुणा सहा दिवसांनंतरही तशाच होत्या. १६ तासांची साखर आणि सहा दिवसांची खूण. सोबत एक गट आलटून-पालटून द्या, एक दिवस ५, एक दिवस २०. २००१ मध्ये ह्युवेकवर चौदा दिवस असं केलं तेव्हा सतत २० मध्ये ठेवलेल्यांपेक्षा या वरखाली होणाऱ्या पेशी जास्त मेल्या. यात मीडिया रोज बदलायचाच आहे, पण सतत एकाच साखरेत असलेल्या वेलचाही त्याच वेळी, तेवढ्याच हळुवारपणे. नाहीतर परत प्रवाहाचा घोळ.

हे जमलं म्हणून लगेच औषध शोधायला निघू नका. प्रोटीन कायनेज सीच्या बीटा प्रकाराला रोखणारं रुबॉक्सिस्टॉरिन प्लेटमध्ये आणि प्राण्यांत सुरेख चाललं, डोळ्यांसाठी मोठ्या चाचण्याही झाल्या, तरी ते बाजारात आलं नाही. आडवाटा चार आहेत. एक बुजवली की कोंडलेला माल दुसरीकडून निघतो, आणि प्लेटमध्ये तुम्ही तेवढीच एक बघत असता.

मोजताना ‘एन’ म्हणजे नाळा, वेल नाही. एकाच नाळेच्या सहा वेल म्हणजे एक. निदान तीन वेगवेगळ्या नाळांवर करा, पाचांवर केलंत तर उत्तम, आणि प्रत्येक नाळेची नॉर्मल, हाय आणि मॅनिटॉल अशी रेघ एकत्र जोडून आलेख काढा. सरासरीच्या खांबात हे दिसत नाही, पण पाचातली एखादी नाळ साखरेला ढिम्म बधत नाही. ती वगळू नका. तिचा नंबर वहीत वेगळा लिहा, तिचे उरलेले लायसेट, म्हणजे फोडलेल्या पेशींचे नमुने, पन्नास-पन्नास मायक्रोलिटरच्या भागांत उणे ८० वर ठेवा आणि ट्यूबच्या झाकणावर नव्हे, अंगावर पेन्सिलने नाव घाला. झाकणं बदलली जातात.